खाली ठेव तिला

“खाली ठेव तिला.”

माझ्या आजोबांचा, आबांचा तो आवाज अजून कानात आहे. घराच्या पुढच्या सोप्यातून आलेला, ना रागाचा ना लोभाचा, दार लोटावं तसा सहज. मी तीनेक वर्षांची असेन. अण्णा, माझे वडील, फौजेतून रजेवर आले होते. त्यांच्या सदऱ्याला ट्रंकेचा वास होता आणि मी त्यांच्या दंडावर बसले होते. आवाज आला आणि माझ्या पायांना गार जमीन लागली.

आमच्याकडची रीतच होती ती. वडीलधाऱ्यांसमोर बापानं आपलं लेकरू उचलायचं नाही, निर्लज्जपणा दिसतो. भावाचं मात्र खुशाल खांद्यावर घ्यावं. म्हणून मला गावभर मिरवलं ते चुलत्यानं, आणि अण्णांच्या खांद्यावर चुलतभाऊ. यात कुणाचं काही अडलं नाही असं घरात सगळे म्हणायचे. अण्णा काहीच म्हणायचे नाहीत.

पुढं मी कुटुंब आणि बालविकास या विषयात पीएच.डी.ला नाव घातलं. बाप आणि तान्ह्या मुलाची जवळीक, हा माझा अभ्यास. घरी जाऊन आधी प्रश्नावली भरून घ्यायची, मग तासभर बसायचं, बापानं लेकराला कितीदा जवळ घेतलं ते तक्त्यात टिपायचं. त्या तासात आपण बोलायचं नाही, सुचवायचं नाही. मी घरामागून घर फिरले आणि तक्ता कोराच राहिला, कारण दर सोप्यात एक म्हातारा बसलेला.

सांगलीला गाईडबाईंनी ते तक्ते चाळले आणि विचारलं, हे बाप आहेत की पाव्हणे? मी म्हटलं, मॅडम, पुतण्यांना घेतात की, चुलत्याचा एक रकाना करूया. त्यावर त्या म्हणाल्या, ही मोजपट्टी जगभर चालते, तिच्यात चुलता नाही. सहामाही अहवाल परत आला. आणखी एक कोरा आला तर विषय बदलावा लागेल, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं. म्हातारं माणूस नसलेली घरं बघा म्हणे. कुठून आणू? कराडच्या स्टँडवर घेतलेला चहा हातात तसाच गार झाला.

गावोगाव मला अण्णाच मोटारसायकलवरून नेतात. एकदा प्रश्नावली पारखायला म्हणून मी त्यांनाच पहिला प्रश्न विचारला होता: लेकराला तुम्ही जवळ कधी घेता? गाडीची चेन सैल झालीय म्हणत ते उठून गेले, ते जेवायलाच आले.

उरलेलं घर शिवतेजचं. तो जवान, रजेवर आलेला. लेक नुकती धरून उभी राहणारी. त्याला काही विचारलं की उत्तर त्याचे वडील नाथाजी देत. मागच्या खेपेला तर त्यांनी मलाच विचारलं, “बाई, लेकरू उचललं की किती मार्क पडत्यात?” तेव्हा जोंधळा पाखडता पाखडता त्यांच्या बायकोनं, हरणाबाईंनी, सूप न थांबवता ओवी सोडली:

बाप गं दारामंदी, लेक उंबऱ्याच्या आत
मधी आज्याची नजर, कसा म्होरं यावा हात

नाथाजींना तेवढ्यापुरतं ऐकू आलं नाही.

आज हरणाबाई बाजाराला गेल्या होत्या. सून रेश्मा चुलीपाशी, हात पिठात. अण्णा नेहमीसारखे सोप्याच्या कडेला, चहापुरते बोलणारे. पोर बाजेचा पाय धरून उभी राहिली, डुलली, आणि आपटली. रडणं असं की आतली परात वाजायची थांबली. शिवतेजनं बापाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पोरीला उचललं. तिनं त्याच्या गळ्यात तोंड खुपसलं. माझा पेन कागदावर टेकला.

“ठेव खाली,” नाथाजी म्हणाले. तंबाखू मळता मळताच.

शिवतेज वाकला. पोरीचे पाय जमिनीकडं येत होते आणि मला बोलायची बंदी होती.

“असू दे, नाथाजीराव.”

अण्णा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेरचं माणूस मध्ये बोललं की तो तास बाद, हे त्यांना मी कितीदा सांगितलं होतं. गप्प करायला वळले, तर ते कुणाकडंच बघत नव्हते. आपल्याच पसरलेल्या तळव्यांकडं बघत होते.

“आमचं आबा बी असंच म्हनलं हुतं. ठेवली म्या खाली. म्होरं आबा गेलं, अडवाय कोन न्हवतं, तरी हात काय म्होरं आलं न्हाईत. तवर ही साळंला जाया लागली हुती.” मग त्यांनी मान माझ्याकडं वळवली. “आता त्येच इचारत हिंडतीया गावोगाव. आन् म्या गाडीवर घालून हिंडवतोय.”