पांचाची वाटी

मी एक जुनी इनॅमलची वाटी आहे. अंगाने पांढरी, काठाला निळी, एका बाजूला कान, आणि आता चार-पाच ठिकाणी टवके उडालेली. भट्टीतून निघाले तेव्हा मात्र अशी चकाकत होते की मसाया शहराच्या बाजारात सोराइदाने मला पाहताक्षणी उचललं. तिचा नवरा फर्मिन चपला-बूट शिवायचा. सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणे. त्याने माझा कान तारेने एका दांडीला बांधला. त्या दांडीवर त्यांची पांचा बसायची, मानेवर पिवळा पट्टा असलेली हिरवीगार पोपटीण.

मित्रांनो, ते माझे भाग्याचे दिवस होते. रोज सकाळी सोराइदा चमच्याने माझ्यावर दोन ठोके मारी आणि साखर घातलेल्या दूध-कॉफीत भिजवलेला पाव माझ्यात घाली. ती दोघं तेच खात, पाहुण्यालाही तेच मिळे. मग ती नवऱ्याला हाक मारी, "फर्मिन, खाल्लंस का रे?" पांचाने ते वाक्य हुबेहूब तिच्या आवाजात उचललं.

पुढे सोराइदा तापाने गेली. तिचा आवाज तेवढा घरात राहिला. सकाळी दोन ठोके पडत, पांचा विचारी, "फर्मिन, खाल्लंस का रे?" आणि मास्तर हातातला बूट खाली ठेवून म्हणे, "खाल्लं गं." त्या एका प्रश्नावर तो माणूस जगत होता.

पण पांचा छातीची पिसं उपटू लागली. तिची चोच वेडीवाकडी वाढली. एकदा भाजीवाली ब्रिहिदा सँडल शिवायला आली आणि तिने आधी माझ्यात डोकावलं.

"मास्तर, पक्ष्याला कॉफी पाजता? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आमच्या सोराइदाची पद्धत आहे ती."

"मग तिचंही चुकलंच. भोपळा द्या बियांसकट, पपईची फोड, हिरवा पाला, मक्याचे दाणे. घेवडा शिजला की मीठ घालायच्या आधी चमचाभर बाजूला काढा. रोज काहीतरी वेगळं द्या. अॅवोकॅडो मात्र चुकूनही नको, विष आहे तिला. संध्याकाळी बाजार उठताना या, उरलेलं फुकट न्या. डागी भाग कापला की झालं."

"डुकरांना टाकता ते? माझ्या राणीला?" मास्तर ताडकन उठला. "उकिरड्यावर नाही वाढवली तिला!"

"बरं बाबा, ठेवा तुमचा तोरा. त्यानेच भरू दे तिचं पोट."

मी सगळं ऐकत होते. उलटी होऊन ती कॉफी सांडून टाकावी असं मला कितीदा वाटलं! पण मी तारेने बांधलेली.

वर्षभराने एका सकाळी दोन ठोके पडले आणि पांचा बोललीच नाही. मास्तर वाट पाहत उभा राहिला. त्या संध्याकाळी तो पिशवी घेऊन बाजारात गेला.

तो परत आला तेव्हा ब्रिहिदा साऱ्या गल्लीला सांगत त्याच्यामागून आली. "सगळे याला विचारत होते, 'मास्तर, डुक्कर पाळलंत का?' हा आपला खाली वाकून भोपळे निवडत होता!"

माझ्यात पहिल्यांदा केशरी भोपळा आला. पांचाने तो चोचीने जमिनीवर फेकला. मास्तरने एक फोड स्वतः खाल्ली, दुसरी पुन्हा माझ्यात ठेवली. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी तिने भोपळ्याची एक बी फोडली. मग पपई खाल्ली, मक्याचे दाणे खाल्ले. तिसऱ्या आठवड्यात ती हळूच म्हणाली, "फर्मिन, खाल्लंस का रे?" मास्तर मला धरून ओक्साबोक्शी रडला.

चार दिवसांनी ती दांडीखाली पडलेली सापडली. गुरांच्या डॉक्टरने पाहिलं आणि म्हणाला, "यकृत केव्हाच संपलं होतं. फार उशीर झाला, मास्तर."

मित्रांनो, पांचाला कोणी उपाशी ठेवलं नव्हतं. लाडाने भरवून भरवून तिला मारलं, आणि ते माझ्यातूनच भरवलं. माझ्या तळाचा कॉफीचा डाग अजून निघालेला नाही. तुमच्या घरी पोपट असेल तर त्याच्या वाटीत आजच डोकावून पाहा. त्याला जे लागतं ते बाजार उठताना तुमच्या पायाखाली पडलेलं असतं, फक्त वाकावं लागतं.

मास्तर अजून रोज सकाळी माझ्यावर दोन ठोके मारतो आणि थांबतो. मग बूट खाली ठेवतो आणि कोणी काही विचारलेलं नसताना म्हणतो, "खाल्लं गं."