दीड लिटर जाण्याचं, दीड लिटर येण्याचं

वासुदेवराव गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी फटफटी धुतली. होळी होऊन तीन दिवस झाले होते. अंगणातला रंग अजून पुरता गेला नव्हता. गोपिका माहेरी, रोहण्याला आली होती. ती वर्ध्याच्या शाळेत मराठी शिकवायची. ओसरीच्या पायरीवर वह्या तपासायला बसली होती खरी, पण लाल पेन हातात तसंच होतं आणि डोळे बापाकडे होते.

राजदूत होती ती. एकाहत्तर साली अमरावतीहून जुनी आणलेली. अलीकडे तिला एकच काम उरलं होतं, मळ्यातली वांगी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या पाठीवर घेऊन आर्वीच्या बाजाराला जायचं. तरी वासुदेवराव तिला पोळ्याच्या बैलासारखं धूत होते. चाकाच्या एकेका तारेवरून चिंधी फिरत होती.

शेजारचे बापूराव कुंपणावर हात टेकून उभे राहिले.

"किती घासता वासुदेवराव? चमडी निघन तिची."

"निघू द्या. आर्वीच्या पुढं तर जात नाई आता. रूप तरी राहू द्या बिचारीचं."

"काऊन जात नाई पण? पळस पाहा कसा पेटून राह्यला. पहिले तर फागुन लागला का तुमी घरात सापडत नव्हते."

"पहिले डोकं ठिकाण्यावर होतं." वासुदेवराव हसले. "पोट्टीले मागं बसवून डोंगरात घेऊन गेलतो, अन् कॉक आधीच रिझर्व्हवर. ज्याले एवढं ध्यानात राह्यत नाई, त्यानं डोंगराचं नाव काढू नये."

बापूरावही हसले. ही गोष्ट त्यांनी नऊ वर्षांत वीसदा तरी ऐकली असेल. गोपिकाने मान खाली घालून कुणाच्या तरी निबंधात एक वेलांटी दुरुस्त केली.

पेट्रोलच्या टाकीखाली एक छोटी चावी असते, तिला सगळे कॉक म्हणतात. नेहमीचं पेट्रोल संपलं की इंजिन खोकल्यासारखं करतं. मग कॉक रिझर्व्हकडे फिरवायचा. तळाशी राखून ठेवलेलं दीड लिटर मोकळं होतं आणि माणूस घरी पोचतो. वासुदेवरावांनी या राखीव दीड लिटरावर स्वतःचा एक सण बसवला होता. फागुनात हरभरा घरी आला की एक दिवस त्यांचा. तळाशी दीड लिटर असायचंच. खुंटीवरचं पोचे पडलेलं जस्ताचं माप काढून वर तेवढंच टाकायचं, त्यात तेल मिसळायचं, आणि निघायचं. कारंज्याला हायवे ओलांडला, ट्रकांच्या गर्दीतले धाबे मागे पडले, की डांबरी सडक सोडून द्यायची. मग बैलबंडीची वाट, कोरड्या नाल्याची रेती, नुसत्या दगडांचा बरड, पानं झडलेलं सागाचं रान. कुठे जायचं हे ठरलेलं नसे. फटफटी खोकली की कॉक फिरवायचा आणि फटफटीचं तोंडही फिरवायचं. जिथे खोकली ते त्या वर्षाचं टोक. तिथेच भाकर सोडायची.

तेराव्या वर्षापासून गोपिका मागे बसायची. "दीड लिटर जाण्याचं, दीड लिटर येण्याचं," वासुदेवराव, तिचे बापूजी, सांगायचे. "त्याच्या पुढं लालूच करायची नाई."

ती एकोणीस वर्षांची झाली तेव्हा त्यांनीच तिला हरभरा काढलेल्या वावरात फटफटी शिकवली. शकुबाईला, गोपिकाच्या आईला, ते कळलं आणि घरात दोन दिवस धूर निघाला. रविवारी आर्वीचे पाहुणे मुलगी पाहायला येणार होते.

"त्या फटफटीले हात लावला तर याद राख," शकुबाई म्हणाली. "हातपाय मोडून बसशीन, मंग कोन पाह्यते तुले?"

गुरुवारी दुपारी घर झोपलं असताना गोपिकाने फटफटी ढकलत गावाबाहेर नेली आणि सुरू केली. आर्वीच्या सडकेवर, दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं, आणि ती एकटी. पुलाजवळ इंजिन खोकलं. तिने ऐटीत कॉक फिरवला आणि परत आली. जागच्या जागी उभी केली, ओढणीने धूळ पुसली, हँडल होतं तसंच वाकडं ठेवलं. सगळं आठवणीने केलं. कॉक परत फिरवायचा तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी बापूजींनी माप ओतलं आणि दोघं निघाली.

त्या दिवशी फटफटी खोकलीच नाही. कारंजा गेलं, बरड गेला, मागच्या वर्षीचं टोक गेलं. "हिची बिमारी बरी झाली वाटते," बापूजी ओरडून सांगत होते. वाऱ्यात त्यांचं हसू तुटून तुटून तिच्यापर्यंत येत होतं. त्यांनी कधीच न पाहिलेल्या रानात ती दोघं शिरली. एका चढावर त्यांनी गाडी थांबवली. खाली दरी होती, मोहाखाली बाया फुलं वेचत होत्या, आणि समोरच्या डोंगरावर एक पांढरी वाट वळण घेत चढत होती.

"गोपे, त्या घाटाच्या पलीकडं काय असन वो?"

"पुढच्या साली पाहू."

"पुढच्या साली काऊन? अजून खोकली कुठं?"

ती दोघं दरीत उतरली आणि फटफटी खोकली. बापूजींचा हात सवयीने टाकीखाली गेला, आणि तिथेच राहिला. गोपिकाला मागूनच कळलं. बापाची पाठ एकदम शांत झाली होती.

"लावलाच हाये हा," ते हळूच म्हणाले. "मीच लावला असन. कधी लावला म्या?"

परवाचा रविवार तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि आईचा चेहरा.

"असन," ती म्हणाली.

दोन कोस त्यांनी फटफटी ढकलली. मग मोहाची फुलं भरलेली एक बंडी मिळाली. बंडीवाल्याचं नाव नत्थू. त्याने फटफटी फुलांवर आडवी घातली आणि बैलांना म्हणाला, "चला रे, आज घोड्याले तुमी ओढा. अशी वेळ पुन्हा येनार नाई." बापूजी हायवेपर्यंत हसत होते. मोहाच्या वासाने गोपिकाचं डोकं जड झालं होतं, आणि वासानेच झालं असं ती स्वतःला सांगत होती.

रविवारी आर्वीचे पाहुणे आले, पोहे खाल्ले, आणि परत काही कळवलं नाही.

पुढच्या फागुनात माप खुंटीवरच राहिलं. गोपिकाने विचारलं तर बापूजी म्हणाले, "नाई वो माय. तू संग होती त्या दिवशी. काही झालं असतं तर? माह्यावर माहाच भरोसा नाई राह्यला." मग तिचं शिक्षण झालं, नोकरी लागली, वर्ध्यात लग्न झालं. दरम्यान त्या दिवसाची गंमत झाली होती. बापूजी ती रंगवून सांगायचे, लोक हसायचे. भांडण मिटवता येतं. गंमत दुरुस्त कशी करायची, हे तिला कोणत्याच पुस्तकात सापडलं नाही.

बापूराव गेल्यावर ती पायरीवरून उठली आणि फटफटीजवळ जाऊन उभी राहिली.

"बापूजी."

"काय वो माय?"

ते उकिडवे बसले होते, कोपरापर्यंत ओले. तिच्याकडे बघताना त्यांनी उन्हासाठी एक डोळा बारीक केला.

"बादलीतलं पाणी संपलं," ती म्हणाली. "आणून देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी वांग्यांना पाणी लावताना वासुदेवराव बांधावर बसले. बसले ते बसलेच.

वर्ष झालं. श्राद्धाला आलेले लोक गेले. सोमवारी कारंज्याचा खुशाल फटफटी विकत न्यायला येणार होता. शकुबाईने त्याला शब्द दिला होता. शनिवारी सकाळी गोपिकाने खुंटीवरचं माप काढलं. टाकी हलवून तळाचं पेट्रोल आहे याची खात्री केली, वर एक माप ओतलं. कॉक बरोबर जागी आहे ना, हे दोनदा बोटाने चाचपून पाहिलं.

शकुबाई दारात उभी होती. हातात फडक्यात बांधलेली भाकर.

"चपला नको घालू. त्यायचे बूट घाल."

"मोठे होतात."

"चिंध्या कोंब. अन् सरक पुढं, मले बी बसू दे."

"तू तर म्हणायचीस, मेली तरी त्या फटफटीवर बसनार नाई."

"म्हनो मी. त्यायनं एकडाव पुन्हा इचारायचं तर होतं."

दोघी निघाल्या. कारंज्याच्या धाब्यांवरचे ड्रायव्हर चहा हातात धरून बघत राहिले. शकुबाईने पदर दातात धरला होता, एका हाताने भाकर आणि दुसऱ्या हाताने लेकीची कंबर. सडक सुटल्यावर मात्र तिची पकड सैल झाली. "हे पळसाचं बन हाये का? अन् हा नाला कोनता?" ती विचारत राहिली. गोपिका जे नाव ठाऊक होतं ते सांगत होती, नव्हतं तिथे बापूजींनी ठेवलेलं.

बरडावर, एका साध्याशा वळणाला फटफटी खोकली.

गोपिकाने कॉक फिरवला आणि इंजिन बंद केलं. दरी इथून फार दूर होती. इथे पाहण्यासारखं काही नव्हतं. दगड, एक पळस, त्याखाली पडलेली फुलं. दहा वर्षांपूर्वी ती आणि बापूजी इथेच कुठेतरी थांबले असते. भाकर खाल्ली असती, तोंड फिरवलं असतं, आणि पुढच्या फागुनात पुन्हा निघाले असते. आणि त्याच्याही पुढच्या.

शकुबाईने पळसाखाली फडकं सोडलं. "अथीसाच काऊन थांबली?"

"बापूजींचा नियम."

"माहीत हाये मले त्यायचा नियम." शकुबाईने भाकर मोडली. "एवढं ध्यान पक्कं त्या मानसाचं. त्या एकाच दिवशी कसे भुलले, देव जाने. मरेपर्यंत मनाले लावून घेतलं."

गोपिका अजून उतरली नव्हती. बापाच्या बुटांतले तिचे पाय जमिनीला टेकलेले होते, एक हात टाकीवर. टाकी उन्हाने तापली होती. आई ऐकत होती, हे तिला माहीत होतं. ती आईकडे वळली नाही. शाळेतली भाषा तिला त्या वेळी सुचली नाही.

"बापूजी," ती मोठ्याने म्हणाली, "कॉक म्या फिरवला होता. तुमी काहीच भुलले नव्हते."