बधिर मूठ

दोघा भावांचं खाटकाचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर घर. थोरला अबोल, धाकटा आग्यावेताळ. धाकट्याची बायको मार खाऊन खाऊन अर्धी झाली, तेव्हा आईने एके दुपारी तिला गुपचूप परगावी पोचवलं. संध्याकाळी धाकट्याने भर दुकानात आईचे केस धरले.

"कुठं पाठवलीस तिला?"

"मेले तरी सांगणार नाही."

त्याने सत्तूर उचलला. थोरल्याने मध्ये हात घातला आणि घाव त्याच्या उजव्या मनगटावर बसला. रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली. आपलाच पंजा लोंबकळताना त्याने पाहिला, मग डोळ्यांपुढे अंधारी आली.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई आडपडदा ठेवणाऱ्या नव्हत्या. "स्नायूंच्या दोऱ्या जोडल्यात, मूठ वळेल. पण स्पर्श कळवणाऱ्या नसाही तुटल्यात. त्यांच्या पेशी मानेपाशी, मणक्याला लागून असतात. एकेकीचा धागा तिथून थेट बोटाच्या टोकापर्यंत. बोटाला चटका बसला की त्यावरून विजेसारखी लहर वर पळते. मग पुढच्या पेशीला निरोप, तिच्याकडून पुढे मेंदूला. दोन पेशींमध्ये बारीक फट असते, तिथे रसायन सांडून निरोप पलीकडे जातो. तेव्हा कुठे तुम्ही 'आई गं' म्हणता."

"आणि धागा तुटला की?"

"खालचा भाग मरतो. वरची पेशी जगली तर नवा कोंब धाडते, पण मुंगीच्या पावलाने. तोवर हात नजरेने सांभाळा."

नजर किती पुरणार? मूठ वळू लागली, पण पेला धरला की फुटायचा. एकदा मांस करपल्याचा वास आला, तेव्हा त्याने खाली पाहिलं. तव्यावर त्याचीच बोटं होती.

त्यातच धाकटा जामिनावर सुटला. लाथेने दार उघडून तो आत घुसला. "कुठंय ती?" म्हणत त्याने आईच्या पोटात लाथ घातली. थोरल्याने झेप घेऊन त्याला भिंतीला चेपलं. उजवी मूठ गळ्यावर आवळली. धाकट्याने ठोसे हाणून त्याचे दात पाडले, भुवई फोडली. रक्त डोळ्यांत उतरलं आणि थोरल्याला दिसेनासं झालं. हात तर काहीच कळवत नव्हता. ठोसे थांबले.

"सोड! मरेल तो!" आई ओरडली.

"सोडलाय गं!"

सोडला नव्हता. आई सरपटत आली आणि त्या हाताचा तिने कडकडून चावा घेतला. दात मांसात रुतले, तरी त्याला पत्ता नाही. शेवटी तिने एकेक बोट उलटं पिरगाळून मूठ उकलली. धाकटा पोत्यासारखा कोसळला. चेहरा निळा. बऱ्याच वेळाने शिट्टीसारखा श्वास आला.

पोलिसांनी धाकट्याला नेलं. या खेपेला जामीन मिळाला नाही.

हातावरची चाव्याची जखम शिवताना डॉक्टरीणबाईंनी बधिर करायचं इंजेक्शन बाजूला ठेवलं. त्याची गरजच नव्हती.

"मला वाटलं, मी सोडलं," थोरला म्हणाला.

"हातातून उलट निरोप येत नाही. मूठ आवळलेली की सैल, ते मेंदूला कसं कळणार?"

"पण मला सोडायचं होतं का, बाई?"

"ते तुम्हालाच ठाऊक."

त्याने आईकडे पाहिलं. तिने पदराने स्वतःच्या तोंडाला लागलेलं त्याचं रक्त पुसलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढे सून परत आली आणि दुकानाच्या ओट्यामागे उभी राहिली. सत्तूर तिच्या हाती गेला. थोरला गल्ल्यावर बसू लागला, उजवा हात मांडीखाली दाबून.