कपबशांभोवतीचे कागद

थोरलं घर विकलं गेलं त्याचं आत्यांना फारसं दुःख नव्हतं. जिने चढून गुडघ्यांनी बंड पुकारलं होतं आणि नव्या फ्लॅटला लिफ्ट होती. काळजी होती ती त्यांच्या आजोबांची. घर गेल्यावर गिरणीवाल्या आजोबांना या गावात कुत्रं तरी विचारणार होतं का? म्हणून वाचनालयातल्या नव्या इतिहास-दालनाला आजोबांचं नाव मिळवायचंच, असं त्यांनी घेतलं होतं मनावर. घरातले कागद कामाचे निघाले तर नाव देऊ, असा ग्रंथपालबाईंचा शब्द होता.

आत्या कंबर कसून कामाला लागल्या. मंत्री, न्यायाधीश, कारखानदार अशी हुद्द्याप्रमाणे पत्रं लावून त्यांनी ती रेशमी फितीने बांधली. उरला चिठ्ठ्याचपाट्यांचा ढीग. तो त्यांनी सामान बांधायला आलेल्या माणसाच्या हवाली केला. त्यांच्या आईच्या कपबशा गुंडाळायला बरा होता.

ग्रंथपालबाई आल्या, फीत सोडून वाचायला बसल्या आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला. मंत्र्यांना कामामुळे येता येत नव्हतं. न्यायाधीशांची प्रकृती बरी नव्हती. कारखानदार नेमके परगावी होते. आजोबांनी जन्मभर बड्या लोकांना जेवायला बोलावलं होतं आणि बड्या लोकांनी जन्मभर सुबक अक्षरात नकार कळवला होता. आत्यांना पाकिटावरचं नाव वाचूनच इतका अभिमान वाटे, की आत डोकावायची वेळच कधी आली नव्हती.

यात गावाबद्दल काहीच नाही, असं ग्रंथपालबाईंनी शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. आत्यांना रडू येईल असं वाटलं. नुसतं बसून राहणं जड जाऊ लागलं, म्हणून चहा टाकायला त्यांनी बांधलेल्या सामानातून दोन कप काढले. वरचा कागद ग्रंथपालबाईंनी सहज हातात घेतला आणि त्या एकदम ताठ बसल्या.

"हे कुठलं?"

"रद्दी आहे हो," आत्या म्हणाल्या.

कुणा बाळंतिणीच्या घरून आलेली चिठ्ठी होती ती: वहिनी, बाळाच्या अंघोळीपुरतं पाणी मिळेल का? वहिनी म्हणजे आत्यांची आई. मागच्या बाजूला तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, दिलं. मग चहा राहिला बाजूला आणि दोघी कपबशा सोडत बसल्या. शिंपी, बेकरीवाला, दवाखान्यातली नर्स, सगळे पाणी मागत होते. गावाचे नळ कोरडे पडले होते त्या सालातल्या चिठ्ठ्या होत्या या. नगरपालिकेचं त्या वेळचं दप्तर जळून गेलेलं. खालच्या गल्लीने ते साल कसं काढलं हे शोधताना ग्रंथपालबाईंनी हात टेकले होते. गल्ली या घरच्या विहिरीवर जगली होती.

आत्यांचा हात नकळत केसांकडे गेला. त्या उन्हाळ्यात आईने त्यांचे लांबसडक केस कानापर्यंत कापले होते. धुवायला पाणी नाही म्हणाली होती, दारात भरलेली विहीर असताना. आईचा हात आखडता, हा किस्सा आत्यांनी जन्मभर रंगवून सांगितला होता, चारचौघांना हसवलं होतं. आता त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि लाजेपेक्षा किती तरी मोठा आनंद झाला. आई हयात असती तर त्या सरळ तिच्या गळ्यात पडल्या असत्या.

"दालनाला आजोबांचं नाव नक्की," ग्रंथपालबाई खुशीत म्हणाल्या.

"आजोबांचं नको," आत्या डोळे पुसत म्हणाल्या. "आईचं द्या."

सामान बांधणारा दारात येऊन उभा राहिला. कागद तर सगळे बाईंनी मांडीवर घेतलेत, मग आता कपबशा कशात बांधू, असं त्याने विचारलं.

"तशाच न्या," आत्या म्हणाल्या. "फुटल्या तर फुटू देत."