खुरासणीचा आकडा

पेठ तालुक्यातल्या मोहिनी भोयेने एम.फिल.साठी खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं, तेल निवडलं, तेव्हा नाशिकच्या कॉलेजातले तिचे मार्गदर्शक कापडणीस सर खूश झाले होते. त्या तेलापासून पॉलिमरचा कच्चा माल करायचा, हा त्यांचाच विषय. त्यावर त्यांचे दोन शोधनिबंध छापून आले होते, आणि माणसाचं एकदा छापून आलं की त्याला ते वेदवाक्य वाटायला लागतं.

घोडं अडलं आयोडीन मूल्यावर. तेल किती आयोडीन शोषतं, त्यावर पुढचं पॉलिमर कसं होणार ते ठरतं. सरांच्या निबंधात आकडा होता एकशे आठ. मोहिनीने गावच्या घाण्यावर काढलेलं घरचं तेल घेतलं, तर आले एकशे बत्तीस. पाचदा केलं, फरक पडला तो दशांशाचा. सर म्हणाले, तुझा हात अजून बसलेला नाही, आकडा दुरुस्त कर.

डिसेंबरात नाशिकला थंडी कडाडली. एका सकाळी तिने कपाटातून सरांनी निबंधासाठी वापरलेल्या बाजारच्या तेलाची बाटली काढली, तर तळाशी पांढरा थर. सर त्याला शुद्धपणाची खूण म्हणत. मोहिनीला आधी हसू आलं आणि पाठोपाठ संताप. तिच्या गावात बायका थंडीत तेल अंगणात ठेवून पारखतात, आणि गोठलं तर दुकानदाराला परत करतात. आई तानुबाई सांगायची, "खुरासणी गोठत नाय. गोठतं ते रेशनचं पामतेल."

तिने दोन्ही बाटल्या सरांच्या टेबलावर ठेवल्या, एक गोठलेली आणि एक वाहती. गावची पारखही सांगितली, आणि पामतेल आयोडीन कमी शोषतं म्हणून भेसळीत आकडा खाली येतो, हेही. सरांना कळलं, तेवढे ते हुशार होतेच. पण मग छापलेल्याचं काय? त्यांनी प्रबंध तिच्याकडे सरकवला आणि एकशे आठ लिहिल्याशिवाय सही मिळणार नाही असं बजावलं.

"तुमचं छापलेलं तुम्ही सांभाळा, सर," मोहिनी म्हणाली. "मी मोजलेलं मी खोडणार नाही. वर्ष गेलं तरी चालेल."

वर्ष गेलंच. घरी सांगताना तिला रडू आलं, पण पश्चात्ताप झाला नाही. जूनमध्ये तिने दुसऱ्या मार्गदर्शक बाईंकडे नाव घातलं. बाईंनी विचारलं, सुरुवात कुठून करणार?

"एकशे आठपासून," ती म्हणाली. "तो आकडा चुकला कसा, हेच पहिलं प्रकरण."