आमचा काही करत नाही

“आधी बाहेरचं दार लावा. मग आतल्याला हात.”

“अहो लिफ्टकाका, मी रोज येतो इथे!”

“तुम्ही रोज विसरता, म्हणून मी रोज सांगतो.”

दातांच्या डॉक्टरांनी सुस्कारा टाकला आणि मागे हात नेऊन बाहेरचं फाटक ओढून घेतलं. त्यांच्या हातातल्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा होता. म्हणजे कागदोपत्री कुत्रा. बघणाऱ्याला सोफाच चालत आल्यासारखं वाटायचं. आतल्या फाटकापाशी उभ्या असलेल्या एका आजोबांनी सोफ्याकडे पाहून आपलं कुत्रं पायांमागे घेतलं, तेव्हा डॉक्टर हसले.

“घाबरू नका हो आजोबा. आमचा काही करत नाही.”

हे वाक्य लिफ्टकाकांनी सात वर्षांत इतक्या वेळा ऐकलं होतं की कुत्र्याला लस टोचताना मालकालाही हे एक वाक्य टोचत असावेत, अशी त्यांची खात्री झाली होती. त्या वाक्यात जगाची सोपी वाटणी होती. एकीकडे आमचा, जो काही करत नाही. आणि दुसरीकडे बाकीचे सगळे, ज्यांनी करून ठेवलेलं निस्तरावं लागतं.

लिफ्टकाका हे काही त्यांचं जन्माचं नाव नव्हतं. नऊ मजली कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी लिफ्ट चालवली. जुनी लिफ्ट, जाळीची दोन दारं. दोन्ही नीट लागली नाहीत तर लिफ्ट जागची हलत नसे, मग आत मोठा साहेब असो की पाण्याचं पिंप. निवृत्त झाले त्याच वर्षी नगरपालिकेने कुत्र्यांना मोकळं सोडण्यासाठी एक मैदान कुंपण घालून तयार केलं. कुत्रा निसटू नये म्हणून त्याला एकापाठोपाठ एक दोन फाटकं, आणि मध्ये सहा बाय सहा फुटांची जागा. गेटवर माणूस हवा होता. मुलाखतीत विचारलं, “कुत्र्यांचा अनुभव?” काका म्हणाले, “कुत्रा घरी एक आहे. पण दोन दारांचा अनुभव एकतीस वर्षांचा आहे.” नोकरी मिळाली.

तो घरचा एक कुत्रा म्हणजे तळ्या. लिफ्टच्या दाराशी, तळमजल्यावर सापडलेलं पिल्लू, म्हणून काकांच्या बायकोने ठेवलेलं नाव. बायको जाऊन तीन वर्षं झाली. शेवटच्या आठवड्यात तिने दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, गॅसची नळी बदला. आणि दोन, तळ्याला एकटं ठेवू नका. नळी बदलून झाली होती. दुसरी गोष्ट रोज करायची होती. तळ्या एकटा राहिला की दाराशी बसून असा रडायचा की शेजारचे आधी दार वाजवत आणि मग स्वतःच रडवेले होत. म्हणून काका त्याला कामावर आणत. दोन फाटकांच्या मधल्या जागेत काकांचं स्टूल, आणि स्टुलाखाली तळ्या.

मैदानाच्या पाटीवर अकरा नियम होते. मैदान बघणाऱ्या समितीने ते कुठून तरी उतरवून घेतले होते. वाचले होते एकट्या काकांनी. नियम चार: दोन फाटकांच्या मध्ये कुत्रा पट्ट्याला असलाच पाहिजे. हा नियम काका दिवसातून साठ वेळा सांगत. तळ्याला पट्टा नव्हता.

हे आजवर एकाच माणसाने विचारलं होतं. कोपऱ्यावरच्या शिंप्याने. दोन वर्षांपूर्वी त्याच्या तपकिरी कुत्रीने एका पोराच्या पोटरीचा चावा घेतला. नियम नऊ: रक्त निघालं तर नोंद, आणि प्रवेश कायमचा बंद. शिंपी म्हणाला, “काका, आमची काही करत नाही हो. आज कसं झालं कळत नाही.” काकांनी नोंदवही उघडली आणि तासाभरात नोंद, सही, बंदी, सगळं उरकलं. शिंप्याने वाद घातला नाही. जाताना फक्त स्टुलाखाली बघून म्हणाला, “याला पट्टा नाही वाटतं?”

“हा इथलाच आहे,” काका म्हणाले होते.

तेव्हापासून शिंपी रोज सकाळी कुंपणाच्या बाहेरून कुत्रीला पट्ट्याने फिरवी. चार फेऱ्या, मग दुकान. फाटकापाशी आला की समोर बघे.

त्या मंगळवारी पावणेआठला डॉक्टर बाहेर निघाले. काकांनी आतलं फाटक उघडलं, सोफा मधल्या जागेत आला. आतलं अजून लागायचं होतं, तेवढ्यात बाहेरच्या बाजूने बँकेतल्या बाई धावत आल्या. पुढे त्यांचं पांढरं कुत्रं, मागे पर्स.

“थांबा, थांबा! काका, थांबा हो!”

ही हाक एकतीस वर्षं रोज कानावर आलेली. उशीर झालेला कोणीतरी पळत येतोय, आणि लिफ्टमनने दार धरायचं. काकांचं डोकं ‘नाही’ म्हणेपर्यंत हात गेला होता. त्यांनी बाहेरचं फाटक उघडून धरलं. दोन्ही दारं उघडी, सहा फुटांत तीन कुत्री. सोफा गुरगुरला. बाईंनी घाबरून आपलं कुत्रं वर उचललं. स्टुलाखाली कोंडला गेलेला तळ्या त्या हलत्या पांढऱ्या गोळ्याकडे झेपावला आणि त्याचे दात बाईंच्या मनगटात गेले.

चहा कपात ओतायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मग सगळं शांत झालं. तळ्या परत स्टुलाखाली जाऊन बसला, कोणीतरी दुसऱ्यानेच केल्यासारखा.

“काही नाही, ओरखडा आहे,” बाई म्हणाल्या. मनगटातून रक्त येत होतं.

“नळाशी चला.”

“अहो काका, मला कामावर—”

“साबण लावून, वाहत्या पाण्याखाली. पंधरा मिनिटं.” काकांनी खिशातून साबणाची वडी काढली. ती ते सात वर्षं बाळगत होते, इतरांच्या कुत्र्यांसाठी.

सहाव्या मिनिटाला बाई म्हणाल्या, “झालं ना?”

“सहा झाली.”

“हात विरघळेल माझा!”

“विरघळला तर तेही नोंदवू. चोळा.”

डॉक्टरही नळाशी आले. माणूस दातांचा, त्यामुळे दातांच्या बाबतीत अधिकाराने बोलणारा. ते म्हणाले, “लस दिलेली आहे ना तुमच्या कुत्र्याला? मग झालं तर. बाई, तुमची काही तक्रार आहे का?”

“छे हो! तळ्याची कसली तक्रार! चूक माझीच, मी धावत आले.”

“बघा.” डॉक्टरांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना जरा बाजूला नेलं. “हे काही वहीत यायला नको. सगळ्यांचे लाडके तुम्ही, सगळ्यांचा लाडका तळ्या. आणि हो, रविवारी समितीत माझं ते कानाचं प्रकरण आहे...”

कानाचं प्रकरण असं, की मागच्या महिन्यात सोफ्याने एका कुत्र्याचा कान फाडला होता. काकांनी नोंद केली होती. पण डॉक्टर समितीचे सेक्रेटरी, म्हणून त्या नोंदीवर आधी चर्चा, मग उपसमिती, मग कान मुळातच नाजूक होता का याचा अभ्यास, असं ते चाललं होतं. शिंप्याच्या वेळी उपसमिती कोणाला सुचली नव्हती.

“माणसाने माणसाला समजून घ्यावं,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही आमचं समजून घ्या, आम्ही तुमचं.”

“अजून चार मिनिटं आहेत,” काका बाईंना म्हणाले.

मग ते बाईंना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. लसीचा कागद, इंजेक्शनच्या तारखा, सगळं स्वतःच्या डायरीत उतरवून घेतलं. “पुढच्या प्रत्येक इंजेक्शनला मी येणार,” म्हणाले. बाईंनी नको नको म्हणून पाहिलं. पण नऊ मजले खाली-वर केलेल्या माणसाशी हुज्जत घालून उपयोग नसतो, त्याला वेळ भरपूर असतो.

दुपारी मैदान बंद असताना मुलीचा फोन आला. बातमी तिच्यापर्यंत पोचलीच होती.

“बाबा, तुम्ही काही लिहिलं तर नाही ना?”

“लिहायचंय.”

“लिहिलंत तर तळ्याला तिथे नेता येणार नाही. मग दिवसभर कुठे ठेवणार? माझ्याकडे दोन खोल्यांत आम्ही पाच जण.”

“माहीत आहे.”

“आईने काय सांगितलं होतं?”

स्टुलाखालून तळ्याने त्यांच्या चपलेवर हनुवटी ठेवली होती.

“त्या बाईंची तक्रार नाही, समितीची नाही, कोणाचीच नाही. मग तुम्हालाच कसली एवढी हौस?”

“तक्रार त्यांची असते गं. नोंद माझी असते.”

“बाबा, तो आईचा कुत्रा आहे!”

“हो ना,” काका म्हणाले. “आईने त्याला सांभाळायला सांगितलं होतं. मी स्टुलाखाली सोडून दिला.”

फोन ठेवून त्यांनी वही उघडली. मैदान बंद असलं की ते सवयीने दोन्ही फाटकं तपासत. आजही उठून तपासली. मग अक्षर लावून लिहिलं.

नोंद बेचाळीस. कुत्रा: तळ्या. मालक: गेटवरचा माणूस. कोणाला: बँकेतल्या बाई, डावं मनगट. रक्त: निघालं. पट्टा: नव्हता. कारण: दोन्ही फाटकं एकाच वेळी उघडी. उघडी कोणी ठेवली: वरीलप्रमाणे.

शेवटचा रकाना होता ‘मालकाचं म्हणणं’. काकांनी मागची पानं चाळली. एकेचाळीस नोंदी, निरनिराळी अक्षरं, निळी-काळी शाई, आणि सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच एक वाक्य. एकोणिसाव्या नोंदीत शिंप्याचं अक्षर होतं. बारीक, टाके घातल्यासारखं. काका त्या पानावर जरा थांबले. मग आपल्या पानावर येऊन त्यांनी रकान्यात एकच शब्द लिहिला.

‘केलं.’

रविवारी समितीची मोठी पंचाईत झाली. गेटवरच्या माणसाने स्वतःच्या कुत्र्याला स्वतः बंदी घालून ठेवलेली. त्याच्या खालीच सेक्रेटरींच्या कुत्र्याला सौम्य ताकीद, असा ठराव लिहायला कोणाचा हात धजेना. पेन टेबलावर दोनदा फिरलं. बँकेतल्या बाई पट्टी बांधलेला हात वर करून तळ्याच्या बाजूने बोलायला उठल्या, तेव्हा काका म्हणाले, “बसा बाई. परवा तुमचं तिसरं इंजेक्शन आहे.” शेवटी दोन्ही बंद्या एकाच ठरावात मंजूर झाल्या. डॉक्टरांनी तत्त्वासाठी राजीनामा दिला आणि ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मैदानात जाऊ लागले. तिथे अजून नोंदवही सुरू झालेली नव्हती. गेटवरचा माणूस बदलावा अशीही एक सूचना आली, पण त्या जागेवर अर्ज कोणाचाच नव्हता.

सोमवारी काका नेहमीच्या वेळी आले. तळ्याला पट्टा होता, तोंडाला जाळी होती. घरी ठेवून बघितलं होतं. जिना उतरेपर्यंतच त्याचं रडणं ऐकवेनासं झालं होतं. त्यांनी त्याला बाहेर, कुंपणापासून लांब, झाडाला बांधलं आणि पाण्याचं भांडं ठेवलं. सबंध दिवस हे कसं जमणार, याचा विचार त्यांनी चालवला होता. तेवढ्यात शिंपी आला. गळ्यात टेप, हातात कुत्री. आज तो समोर न बघता थांबला.

“वहीत लिहिलंत म्हणे.”

“लिहिलं.”

“स्वतःचंच?”

“दुसरं कोणाचं लिहिणार? मालक मीच.”

शिंप्याने तळ्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाकडे बघतो तसं, खांद्यापासून कमरेपर्यंत. मग लांबूनच म्हणाला, “जाळीचा पट्टा कानामागे घासतोय त्याला. उद्या आतून फ्लॅनेल लावून देतो.”

“तेव्हा...” काका म्हणाले. “तुमच्या वेळी. याला पट्टा नव्हता.”

“नव्हताच,” शिंपी म्हणाला. कुत्री जमिनीचा वास घेत राहिली. मग शिंप्याने मोकळा हात पुढे केला. “द्या इकडे. मी फिरतोच आहे. नंतर दुकानात मशीनखाली पडून राहील. ही उजवीकडे, हा डावीकडे, मध्ये मी. एकमेकांची सवय होईपर्यंत अंतर ठेवतो.”

“तो एकटा राहत नाही.”

“मशीन दिवसभर बडबडतंच की.”

काकांनी झाडाचा पट्टा सोडला, सवयीने स्वतःच्या मनगटाभोवती वेढला, मग तो वेढा काढून शिंप्याच्या मनगटाला बांधला. गाठ घट्ट आहे का ते ओढून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

“मी काय पळवतोय का त्याला?” शिंपी म्हणाला.

“तुमचं नाही. माझ्या हाताचं बघतोय.”

पहिल्या दिवशी प्रत्येक फेरीला फाटकापाशी येऊन तळ्या थांबला. चारही पाय रोवून, जाळीतून स्टुलाकडे बघत. शिंपी ओढत नसे, वाट बघे. काका आतून हात हलवत: चला, पुढे चला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तो दोनदा थांबला. त्याच्या कानामागे आता निळं फ्लॅनेल होतं, व्यवस्थित टाचलेलं.

नवव्या दिवशी पहिल्या फेरीला तो फाटकापुढून चालत गेला. शिंप्याच्या पावलाला पाऊल लावून, शेपटी वर, न थांबता. काकांनी हात हलवायला उचलला होता. तो तसाच वर राहिला.

“थांबा, थांबा!” रस्त्यावरून कोणीतरी धावत येत होतं. पुढे एक कुत्रं, मागे धापा टाकणारा माणूस. “काका, जरा धरा ना दार!”

काकांनी वर राहिलेला हात खाली आणला, आतल्या फाटकावर ठेवला आणि ते पूर्ण लागल्याचा खटका ऐकू येईपर्यंत दाबून धरला.

“लागलं,” ते म्हणाले. “आता या. आधी बाहेरचं.”