लोण्यातली हळद

वडवणीजवळच्या राधाकिशनरावांचा बैल चांद्या, त्याचा खांदा दरसाल जुवाखाली सुजायचा. बाभळीचं जू जड, आणि ऊस तर ओढलाच पाहिजे. म्हणून त्यांच्या लेकीनं, तेजश्रीनं, कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचतंतू आणि वाळून टणक होणाऱ्या चिकट रेझिनचं निम्म्या वजनाचं जू केलं. मजबुतीसाठी त्यात कार्बनच्या नळ्यांची भुकटी घातली. नळ्या केसाहून हजारो पट बारीक, नुसत्या डोळ्यांना काजळीच. पहिलं जू मानेजवळच्या खुंटीच्या भोकापाशी तडकलं. मग पोरीनं भुकटी दुप्पट केली, तर दुसरं महिनाभरही टिकलं नाही. शिकलेल्या माणसाला हट्टानं चुकायची भारी हौस असते.

राधाकिशनराव रागावले नाहीत. तिसरं मोडलं तर चांद्याच्या मानेवर पुन्हा बाभूळच, एवढंच त्यांनी सांगितलं. तेजश्रीला ते रागावण्याहून जास्त लागलं. तडकलेला तुकडा भिंगाखाली धरला की काळे ठिपके दिसत. भुकटी जागोजाग गोळा होऊन बसली होती आणि चीर नेमकी तिथूनच निघाली होती. बादलीभर रेझिनमध्ये इतकं घोटूनही ती पसरत का नाही, हा प्रश्न घेऊनच ती पोळ्याला घरी आली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी, बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचं. आईनं, छबुबाईनं, बोटभर लोणी तळहातावर घेतलं, सगळी हळद त्यातच रगडली आणि मग बाकीचं लोणी थोडं थोडं मिसळलं. तेजश्रीनं हे लहानपणापासून पाहिलं होतं, पण नीट बघितलं ते आज. एकदम का टाकत नाहीस, असं तिनं विचारलं.

"एकदम टाकली की गुठळ्या ऱ्हातेत," छबुबाई म्हणाली. "मग कितीबी ढवळ, त्या नुसत्या फिरतेत. थोड्यात रगडल्या की फुटतेत."

तेजश्रीला स्वतःचंच हसू आलं. आईला तिनं आणखी दोनदा करून दाखवायला लावलं. हात लागताच चांद्यानं मात्र नेहमीसारखी मान झटकली.

परतल्यावर तिनं वाटीभर रेझिनमध्ये सगळी भुकटी घेतली, तीही पहिल्या वेळेपेक्षा कमी. ठिपके दिसेनासे होईपर्यंत ती रोलरखाली रगडली आणि मगच उरलेलं रेझिन ओतलं. त्या जुवानं अख्खा हंगाम ऊस ओढला. राधाकिशनराव रोज संध्याकाळी भोकाच्या कडेवरून नख फिरवत आणि चीर लागली नाही की घरात जात.

पुढच्या खांदेमळणीला लोणी त्यांनीच हातात घेतलं. हात लागला तरी चांद्यानं मान झटकली नाही, उलट मान आणखी पुढं केली. राधाकिशनरावांचे डोळे भरून आले. बराच वेळ ते खांदा चोळत राहिले.

"शेजारच्या नाथाच्या बैलाचा खांदा लई सुजलाय," ते लेकीला म्हणाले. "त्याचं जू कवा करती?"